पेमगिरीचे शहाजीराजे : बंडखोर कीं राज्यरक्षक ?

संगमनेर तालुक्यांतील पेमगिरीचा किल्ला आज अवशेषमात्र उरला आहे. तथापि निजामशाहीचा अखेरचा डाव येथेंच मांडला गेला. तो मांडणाऱ्या शहाजीराजे भोसल्यांस मोंगल दरबारच्या तवारिखा बंडखोर म्हणतात. आमच्याकडील कित्येक चरित्रकार त्यांस निष्कलंक राज्यरक्षक ठरवितात. लाहोरीचा बादशाहनामा शहाजहानच्या आज्ञेनें लिहिला गेला, तर परमानंदाचें शिवभारत भोसल्यांच्या आश्रयानें. सबब निंदा व स्तुति दोन्ही बाजूस ठेवून घटनाक्रमच पाहावा, हें बरें.

इ. स. १६२४ च्या भातवडीच्या रणांत शहाजीराजे निजामशाहीकडून लढले. त्यांचे बंधु शरीफजी तेथेंच पडले. पुढें १६२९ सालीं त्यांचे सासरे लखुजी जाधव यांचा निजामशहाच्याच दरबारांत घात झाला. तेव्हां राजे मोंगलांस मिळून पंचहजारी मनसबदार झाले. परंतु त्यांच्याकडील कांहीं मुलूख बादशहानें फत्तेखानास दिला, आणि १६३२ मध्यें त्यांनीं मोंगलांस सोडलें. येथवर हा प्रश्न मानाचा व जहागिरीचा दिसतो.

जून १६३३ मध्यें दौलताबाद पडलें व बाल हुसेनशहा ग्वाल्हेरच्या कैदेंत गेला. तेव्हां राजांनीं त्याच वंशांतील मुर्तजा नामक मुलगा पेमगिरीस गादीवर बसविला, आणि सुमारें तीन वर्षें त्याच्या नांवें कारभार चालविला. ज्या घराण्यानें सासऱ्याचा प्राण घेतला, त्याचीच गादी त्यांनीं सांवरली. यास केवळ जहागिरीचा लोभ हें कारण आम्हांस पुरेसें वाटत नाहीं.

१६३६ सालीं शहाजहान जातीनें दौलताबादेस आला. मे महिन्यांत विजापूरकरांनीं त्याच्याशीं तह केला. निजामशाही किल्ले सोडीपर्यंत शहाजीस चाकरीस ठेवूं नये, असें त्यांत एक कलम होतें. अखेरीस माहुलीस दोन्ही फौजांनीं राजांस कोंडलें. ऑक्टोबरांत किल्ले व मुर्तजा मोंगलांच्या स्वाधीन करून राजे आदिलशाहींत गेले.

स्तुतिकार माहुली गाळतात व निंदक पेमगिरी गाळतात. आमच्या मतें दोन्ही एकाच चरित्राचीं पानें होत. ज्या बालकास राजांनीं छत्र दिलें, त्यास ते अखेरपर्यंत राखूं शकले नाहींत, हें स्पष्ट लिहिलें पाहिजे. आणि गादी मोडली असतां ती पुन्हां उभी करण्याचें धैर्य त्यांनींच दाखविलें, हेंही तितक्याच स्पष्टपणें. राज्य परक्याच्या नांवें राखतां येत नाहीं, हा धडा पेमगिरीनें दिला. तो पुढें कोणी गिरविला, हें वाचकांस सांगणें नलगे.