एका काठीच्या दोन काठ्या

हातात काठी आली म्हणजे म्हातारपण आले, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. म्हणूनच पाय लटपटू लागले तरी घरातली पुष्कळ वडीलधारी माणसे काठी घ्यायला तयार होत नाहीत. पडण्याच्या भीतीने ती बाहेर जाणेच कमी करतात. चालणे कमी झाले की पायांतले बळ जाते आणि बळ गेले की पडण्याचा धोका आणखी वाढतो. या दुष्टचक्रावरचा एक उपाय फिनलंडमधून आला. गंमत अशी की तो जन्मला म्हाताऱ्यांसाठी नव्हे, धडधाकट खेळाडूंसाठी.

फिनलंडचा हिवाळा बर्फाचा. पायांना लांब पट्ट्या बांधायच्या आणि दोन्ही हातांतल्या काठ्यांनी बर्फ मागे रेटत पुढे सरकायचे, हा तिथला जुना खेळ. त्यालाच स्कीइंग म्हणतात. उन्हाळ्यात बर्फ नसे, तेव्हा सराव मोडू नये म्हणून खेळाडू नुसत्या काठ्या घेऊन रानांतून आणि चढणींवरून चालत. १९७९ साली माउरी रेपो या प्रशिक्षकाने स्कीइंगवरील आपल्या पुस्तकात या सरावाचे तंत्र मांडले. तरीही ती खेळाडूंचीच बाब राहिली. १९९७ साली एक्सेल या कंपनीने सामान्य माणसांच्या फिरण्यासाठी खास काठ्या बाजारात आणल्या आणि चित्र पालटले. फिनिश भाषेत या प्रकाराला 'साउवाकॅवेली' म्हणतात. 'साउवा' म्हणजे काठी, 'कॅवेली' म्हणजे चालणे. बाहेरच्या जगात तो 'नॉर्डिक वॉकिंग' या नावाने गेला.

या इतिहासातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही की, एक काठी दुबळेपणाची खूण होती, दोन काठ्या व्यायामाची खूण झाल्या. आधार तोच, पण त्यातली लाज गेली.

दरम्यान वैद्यकशास्त्रही दुबळेपणाकडे नव्याने पाहू लागले होते. २००१ साली अमेरिकेतील लिंडा फ्राइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५ वर्षांवरील पाच हजारांहून अधिक लोकांच्या माहितीवरून पाच लक्षणे मांडली: नकळत वजन घटणे, सतत थकवा, हाताची पकड सैल होणे, चाल मंदावणे आणि हालचाल कमी होणे. यांपैकी तीन किंवा अधिक आढळली तर ती व्यक्ती 'फ्रेल', म्हणजे क्षीण. यातली चाल आणि हालचाल ही दोन लक्षणे तर थेट चालण्याशीच जोडलेली.

दोन काठ्यांमुळे पायांच्या दोन टेकूंना आणखी दोन टेकू मिळतात. तोल सावरतो, पाठ ताठ राहते, खांदे आणि दंडही कामाला लागतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, त्याच वेगाने चालताना काठ्यांमुळे शरीराचा प्राणवायूचा वापर सरासरी २० टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. म्हणजे वेग न वाढवता व्यायाम वाढतो. गुडघ्यांवरचा भार खूप कमी होतो असाही दावा केला जातो, पण तो सगळ्या अभ्यासांत टिकलेला नाही.

काठीची उंची साधारणपणे माणसाच्या उंचीच्या ०.६८ पट धरतात. उंची १५० सेंटिमीटर असेल तर काठी सुमारे १०२ सेंटिमीटर. उजव्या पायाबरोबर डावी काठी आणि डाव्याबरोबर उजवी. खेळाडू काठी तिरपी मागे रेटतात. क्षीण माणसाने मात्र ती पुढच्या पावलाजवळ उभी टेकवावी, कारण त्याला वेगापेक्षा आधार हवा. डांबरी रस्त्यावर टोकाला रबरी टोपण हवेच. ज्यांना वॉकरशिवाय उभे राहता येत नाही, त्यांच्यासाठी हा पर्याय नव्हे. इतरांनीही डॉक्टरांना विचारून, सुरुवातीला कोणाला तरी सोबत घेऊन चालावे.

आपल्या गोव्यात पावसाळ्यात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते आणि गावच्या वाटा चढ-उताराच्या. तेव्हा सुरुवात देवळाच्या कोरड्या सपाट प्रांगणात किंवा घरच्या लांब ओसरीवर केलेली बरी. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० साली ज्येष्ठांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम सुचवले आहेत.

घरातल्या आजोबांना एक काठी दिली तर ती कदाचित दाराआडच राहील. दोन देऊन पाहा.