दुभाष्या

आमच्या घरचा संगणक दहा वर्षांचा झाला आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबली. विंडोज ११ या म्हाताऱ्याला झेपेना. नव्याची किंमत ऐकून, रोज लोकांचे लाखो रुपये मोजणारा मी मटकन खाली बसलो.

चिरंजीव म्हणाले, "बाबा, लिनक्स टाकू. फुकट आहे."

कॉमर्सच्या पदवीधराला 'फुकट' या शब्दाचा आधी संशय येतो. म्हणून इतिहास तपासला. १९९१ साली हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने हौसेखातर हे सुरू केले. पुढे सर्व्हर लिनक्सने काबीज केले, अँड्रॉइड फोनच्या पोटातही ते शिरले. घरातल्या टेबलावर मात्र त्याला कुणी बसू देईना. 'हे वर्ष लिनक्सचे!' असे भक्तमंडळी दरवर्षी म्हणत. आपण सोलापूरकर विमानाबद्दल म्हणायचो तसे. मोठी अडचण खेळांची. बहुतेक खेळ विंडोजचीच भाषा बोलणारे.

आता आमची शाखा बघा. काउंटरपाशी पूर्व भागातल्या तेलुगू आजी, मागे कन्नड बोलणारे अक्कलकोटचे काका, आणि साहेब नागपूरचे. मधे मी. आजींचे ऐकायचे, साहेबांना मराठीत सांगायचे. आजींना मराठी शिकवायच्या भानगडीत कुणी पडत नाही आणि काम होऊन जाते.

नेमके हेच काम १९९३ पासून 'वाईन' नावाचे सॉफ्टवेअर करू लागले. (नाव ऐकून सौ.ने देवघराचा पडदा ओढला.) स्टीम हे खेळांचे दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये त्याच्यावर 'प्रोटॉन' उभा केला, आणि त्याच्याच जोरावर २०२२ साली स्टीम डेक हे हातात धरायचे खेळयंत्र बाजारात आणले. खेळ विंडोजमध्ये बोलतो, प्रोटॉन लिनक्सला समजावतो. २०२५ च्या जूनमध्ये सोलापूरहून गोव्याचे विमान उडाले; ऑक्टोबरात स्टीमच्या पाहणीत लिनक्सवाले पहिल्यांदाच शेकडा ३ च्या वर गेले. हसू नका; बचत खात्यावर आम्ही तुम्हाला काय देतो ते आठवा!

मात्र चिरंजीवांचा लाडका 'व्हॅलोरंट' चालेना. लबाड खेळाडू पकडायला त्याने ठेवलेला पहारेकरी दुभाष्याला दारातूनच परत पाठवतो. चिरंजीव दोन दिवस धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुसरा खेळ लावला, तो चालला. म्हातारा पुन्हा कामाला लागला आणि माझी ठेव मोडायची वाचली.

खेळ रंगला की प्रोटॉनची आठवण कुणाला होत नाही. आजींच्या पासबुकातही दुभाष्याची नोंद नसते. पण परवा आजींनी जाताना कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पुडी काउंटरवर ठेवली. प्रोटॉनला एवढे कोण देणार?