गारगोटीची कुंडी आणि निवडुंगाचे बिऱ्हाड

दिल्लीतील मराठी बिऱ्हाडांत तुळशीच्या जोडीला अलीकडे एक नवा पाहुणा आला आहे. खिडकीच्या कठड्यावर किंवा बैठकीच्या मेजावर एक पसरट, हाताने रंगविलेली कुंडी असते आणि तीत चार-पाच मांसल पानांची रोपे दाटीवाटीने नांदत असतात. घरी पाहुणे आले म्हणजे त्या कुंडीकडे बोट दाखवून यजमानीणबाई 'सक्युलंट' हा शब्द उच्चारतात. गावाकडून आलेल्या सासूबाई मात्र ती रोपे न्याहाळून सरळ म्हणतात, "अगंबाई, हा तर निवडुंग! तो कुंपणावरून घरात कधी आला?" सासूबाईंचा प्रश्न, आमच्या मते, इतिहासाचा आहे, आणि त्याचे उत्तर देण्याइतका तो मोलाचाही आहे.

आपल्या मुलखात काटेरी झाड घरात लावीत नाहीत. तसे केल्यास घरात भांडणे होतात, अशी समजूत आहे. निवडुंगाची जागा शेताच्या बांधावर, शेराची वाड्याच्या कुंपणावर आणि घायपाताची पडीक माळावर. कोरफड तेवढी औषधी म्हणून परसात येते. कित्येक घरी ती दारावर उलटी टांगतात आणि माती-पाण्यावाचून ती तशीच महिनोन्‌महिने तगून राहते. घरातील मानाची कुंडी म्हणजे तुळशीवृंदावन. आतबाहेर सारवून, चुना व गेरू लावून, कोनाड्यात पणती ठेवण्याची सोय करून ते अंगणात उभे राहते. हाताने रंगविलेल्या पात्रात झाड लावण्याची रीत आम्हांस कुणा परक्याने शिकविलेली नाही. बदलले ते झाड, आणि बदलली ती जागा.

जागा का बदलली, हे दिल्लीत नोकरी केलेल्या वाचकांस सांगावयास नको. सरोजिनीनगर, नवरोजीनगर यांसारख्या सरकारी वसाहतींतील जुन्या घरांना मागे-पुढे थोडी मोकळी जागा होती. तीत तुळस, कढीपत्ता, अळू आणि जमल्यास एखादे लिंबाचे झाड होत असे. त्या वसाहतींचा पुनर्विकास सुरू झाला, बैठी घरे जाऊन उंच इमारती आल्या आणि अंगणाची सज्जा झाली. सज्जातही दिल्लीचे ऊन वैशाखात पंचेचाळीस अंशांपर्यंत चढते आणि आषाढ-श्रावणाच्या दमट हवेत कोरड्या प्रदेशातले झाड आठ दिवसांत सडते. म्हणून ही बाग खिडकीच्या आत आली.

परंतु निवडुंग कोठून आला? येथे आपल्या भाषेने एक मोठा घोटाळा करून ठेवला आहे. आपण ज्यांना सरसकट निवडुंग म्हणतो त्यांत दोन अगदी निराळी कुळे आहेत. त्रिधारी निवडुंग हा याच भूमीतला. त्याला मोडले की दुधासारखा चीक वाहतो आणि त्याचे काटे जोडीजोडीने येतात. फड्या निवडुंग मात्र अमेरिकेचा. त्याचे काटे लवदार गादीसारख्या बारीक ठिपक्यांतून फुटतात आणि त्याची लाल बोंडे खाऊन आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी तोंडे रंगविलेली आहेत. एकाचा दुसऱ्याशी नात्याचा संबंध नाही. पाण्याच्या दुष्काळाला दोघांनी दोन खंडांत जे उत्तर शोधले ते मात्र एकच निघाले. दिल्लीच्या कुंडीत हीच गोष्ट लहान प्रमाणात दिसते. कमळासारखी एचेव्हेरिया मेक्सिकोची, पट्टेदार हावर्थिया व जाड पानांचे जेड दक्षिण आफ्रिकेचे आणि पानाच्या कडेला पिल्ले धरणारी पानफुटी मादागास्करची. जन्माने एकमेकांस अपरिचित अशी ही मंडळी एका पात्रात राहतात. सरकारी वसाहतीच्या एका जिन्यावर राहणाऱ्यांस याचे नवल वाटू नये!

फड्या निवडुंगाची भारतातील हकीकत सरकारी कारभाराचा एक धडा म्हणूनही वाचण्यासारखी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस किरमिजी रंगाचा व्यापार स्पेनच्या मुठीत होता. तो रंग निवडुंगावर पोसणाऱ्या एका किड्यापासून निघे. ईस्ट इंडिया कंपनीला तो धंदा आपल्याकडे हवा होता. मद्रासेस डॉ. जेम्स अँडरसन यांनी त्यासाठी निवडुंगाची खास बागच केली. १७९५ साली कॅप्टन नीलसन नावाच्या अधिकाऱ्याने ब्राझीलहून किडे आणून बंगालमध्ये पोहोचविले, पण ते अस्सल जातीचे नव्हतेच. रंग हलका निघाला आणि किड्यांनी मात्र एका जातीचा निवडुंग झपाट्याने फस्त केला. रंगाचा उद्योग बुडाला, परंतु तणावर कीड सोडून त्याचा नायनाट करता येतो हे त्यातून कळले. पुढे दुसऱ्या जातीच्या फड्या निवडुंगाने दक्षिणेत शेते, गायराने व पायवाटा गिळल्या, तेव्हा १९२६ साली सिंहलद्वीपातून निराळा किडा आणून सोडण्यात आला आणि थोड्याच वर्षांत मोठाली राने मोकळी झाली. ज्या कुळाला हटविण्यासाठी सरकारने समुद्रापलीकडून कीड आणली, त्याच कुळातील बोटभर रोप आज दिल्लीच्या रोपवाटिकेत घासाघीस करून विकत घ्यावे लागते.

आता कुंडीकडे वळू. आमच्या दृष्टीने या प्रकरणातील अधिक मनोरंजक भाग हाच आहे, कारण रोपे परदेशची असली तरी कुंडी दिल्लीची आहे, निदान असू शकते.

हुमायूनच्या मकबऱ्यालगतचा निला गुंबद किंवा निजामुद्दीनजवळच्या चौकातील सब्ज बुर्ज ज्यांनी पाहिला असेल, त्यांस दिल्लीचा निळा रंग काय आहे ते ठाऊक आहे. (सब्ज म्हणजे हिरवा, आणि बुर्जाचा डोलारा निळा. इंग्रजी अमलात काही काळ त्यात पोलीस ठाणे होते. नावात व वस्तूत मेळ नसणे हे दिल्लीस नवे नाही.) या निळ्या फरशांचे तंत्र मध्य आशिया व इराणकडून आले. त्यातील जुन्या परंपरेचे रहस्य असे की भांड्याचे अंग मातीचे नसून मुख्यतः गारगोटीच्या पुडीचे असते. गारगोटी दळावयाची, तीत काचेची पूड व चिकटपणासाठी डिंकासारखे द्रव्य मिसळावयाचे, वर रंग भरावयाचा आणि काचेचा मुलामा देऊन भाजावयाचे. या लगद्याला मातीसारखा लवचिकपणा नाही. तो चाकावर सहजी उभा राहत नाही, म्हणून भांडी बहुधा साच्यात काढतात. आज आपण ज्याला जयपूरचे निळे काम म्हणतो ते याच घराण्याचे. एकोणिसाव्या शतकात महाराजा सवाई रामसिंग यांच्या काळी ते दिल्लीच्या कारागिरांकडून जयपुरास गेले, अशी परंपरा सांगतात. तेथेही ते विसाव्या शतकात विझत आले होते. चित्रकार कृपालसिंह शेखावत यांनी त्यात पुन्हा प्राण घातला.

दिल्लीत हे कार्य सरदार गुरचरण सिंग यांचे. जन्म १८९८ चा. तरुणपणी ते रामसिंग काबली यांच्या दिल्लीतील भांड्यांच्या कारखान्यात लागले. तेथे अब्दुल्ला नावाच्या पठाण कुंभाराच्या हाती जुन्या निळ्या कामाचा वारसा होता. १९१९ साली ते जपानास गेले. बर्नार्ड लीच, हामादा, यानागी या मंडळींचा त्यांना तेथे सहवास घडला. हाताने केलेल्या साध्या भांड्याला कलेचे मोल असते, हा विचार जपानात त्या वेळी जोर धरीत होता, आणि तोच विचार घेऊन ते परत आले. १९५२ साली त्यांनी दिल्लीत 'दिल्ली ब्लू आर्ट पॉटरी' सुरू केली. सफदरजंगच्या आसपास भट्टी पेटली, नव्या राजधानीच्या इमारतींसाठी फरशा व जाळ्या निघू लागल्या आणि त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसे देशभर पसरली. १९९१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९९५ साली ते वारले. ती भट्टी आता तेथे नाही. त्यांच्या परंपरेचा न्यास मात्र दिल्लीत आहे.

आपल्या मुंबईनेही असा एक प्रयत्न केला होता. सर ज. जी. कलाशाळेत जॉर्ज टेरी यांनी १८७० नंतरच्या दशकात भांड्यांचा कारखाना काढला आणि सिंधी पद्धतीच्या चकचकीत भांड्यांवर अजिंठ्याच्या धर्तीची चित्रे उतरविली. त्या भांड्यांनी विलायतेत नाव कमावले, पण ते संग्रहालयांतच राहिले. आपल्या स्वयंपाकघरांपर्यंत वा परसापर्यंत ते कधी आले नाही, याची आम्हांस खंत वाटते.

सामान्य नोकरदाराच्या खिशाला परवडणारी कुंडी येते ती खुर्जाहून. बुलंदशहर जिल्ह्यातील हे गाव राजधानी क्षेत्रातच मोडते. दुसऱ्या महायुद्धात बाहेरून येणारी चिनी मातीची भांडी थांबली, तेव्हा १९४२ साली प्रांतिक सरकारने तेथे कारखाना काढला. युद्ध संपल्यावर सरकारी कारखाना टिकला नाही, पण गावातल्या कुंभारांनी ते तंत्र उचलले आणि आज तेथे घरोघरी व गल्लोगल्ली भट्ट्या आहेत. चित्र काढणारी बाई किंवा पुरुष कच्च्या भाजलेल्या कुंडीवर कुंचल्याने रंग भरतो. निळ्यासाठी वापरावयाचा कोबाल्ट त्या वेळी मळकट दिसतो. वरून मुलामा चढतो, भांडे सुमारे बाराशे अंशांवर भाजते आणि भट्टी उघडल्यावर निळाई प्रकट होते. उमटवून चिकटविलेल्या छापाच्या कुंड्याही त्याच बाजारात त्याच ढिगात असतात. ओळख सोपी आहे. दोन कुंड्या शेजारी ठेवाव्या. पाकळ्यांत केसाइतकाही फरक नसेल तर तो छाप समजावा. कुंचल्याचा हात एकाच फुलाला दोनदा सारखा वळत नाही. छाप स्वस्त पडतो आणि हात महाग. गिऱ्हाइकाने हा फरक पाहण्याचे सोडले तर कुंचला धरणाऱ्यास कारखानदार किती दिवस ठेवील?

भाजलेल्या साध्या कुंडीवर घरी तैलरंगाने काढलेले चित्र हा तिसरा प्रकार. हौस म्हणून उत्तम, परंतु माती पाणी शोषते, पाण्यातील क्षार बाहेर येतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत रंगाचे पोपडे निघतात. मुलाम्याखालचा रंग भट्टीत काचेखाली बंदिस्त झालेला असल्याने त्यास ही भीती नाही. पण मुलाम्याच्या कुंडीला श्वासही नाही. साध्या मातीच्या कुंडीच्या भिंतीतून पाणी उडून जाते, हिच्यातून जात नाही. म्हणून तळाला भोक असलेलीच कुंडी घ्यावी. भोक नसताना तळाशी खडे भरले म्हणजे भागते, हा समज चुकीचा आहे. पाणी खड्यांत साचते आणि मुळे गुदमरतात.

भोकावर एक खापरी ठेवावी. मातीच्या बाबतीत दिल्लीच्या माळ्यांचा एक शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे : बदरपूर. दक्षिण दिल्लीतील गावाच्या नावाने ओळखली जाणारी ही भरड तांबूस रेती दिल्लीच्या टेकड्यांच्या गारगोटीच्या खडकातली. यमुनेची बारीक वाळू ओली झाली की घट्ट बसते. बदरपूर तशी बसत नाही. तिचे दोन भाग, बागेतली माती एक भाग आणि कुजलेले पानखत एक भाग. जुन्या दिल्लीच्या निळ्या भांड्याचे अंगही गारगोटीचे आणि त्या झाडाला हवी असलेली जमीनही गारगोटीची, हा योगायोग आम्हांस फार आवडला.

पाणी किती घालावे, याचे उत्तर दोनशे वर्षांपूर्वी याच देशात एका वनस्पतिशास्त्रज्ञाच्या जिभेवर सापडले. कंपनीच्या चाकरीत असलेले डॉ. बेंजामिन हाइने पानफुटीची पाने चाखून पाहत. सकाळी पान आंबट लागे, दुपारी बेचव आणि सायंकाळी किंचित कडवट. १८१५ साली त्यांचे हे निरीक्षण लंडनच्या लिनियन सोसायटीच्या ग्रंथात छापले गेले. त्यामागचे कारण विसाव्या शतकात उलगडले. ही झाडे दिवसा पानांची रंध्रे मिटून पाणी राखतात, रात्री ती उघडून हवा घेतात आणि ती आम्लाच्या रूपाने साठवून दिवसा वापरतात. ज्याचा कारभार इतका काटकसरीचा, त्याला रोज पेलाभर पाणी देणे म्हणजे मारणे होय. माती तळापर्यंत कोरडी झाल्यावरच पाणी द्यावे. थंडीत महिन्यातून एकदा पुरे, आणि पावसाळ्यात हात आखडावा.

रोपे निवडताना उजेड पाहावा. हावर्थियास मंद उजेड चालतो. एचेव्हेरियास खिडकीतले ऊन हवे, नाहीतर ती मान लांबवून विद्रूप होते. दोघींना एका कुंडीत ठेवावयाचे तर एचेव्हेरिया काचेच्या बाजूस लावावी. जाता जाता सांगण्यासारखे हे की एचेव्हेरियास तिचे नाव अतानासियो एचेव्हेरिया या मेक्सिकन चित्रकारावरून १८२८ साली मिळाले. रंगविलेल्या कुंडीत चित्रकाराच्या नावाचे झाड, ही जोडी काही वाईट नव्हे.

बदलीचा हुकूम आला तर कुंडी रोपांसकट मालमोटारीत चढवू नये. माती आठवडाभर आधी कोरडी होऊ द्यावी, रोपे उपटून मुळे झटकावी, वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरावी. तीन आठवडे अंधारात राहिली तरी ती तग धरतात. याच धीरावर त्यांच्या पूर्वजांनी जहाजांतून महासागर ओलांडला. कुंडी गवतात बांधून भांड्यांच्या पेटीत द्यावी. खाली गळालेली पाने टाकू नयेत, शेजाऱ्यास द्यावी. एचेव्हेरियाच्या एका पानापासूनही नवे रोप होते. नव्या गावी सामान लागल्यावर रोपे कोरड्या मातीत लावावी आणि मुळांच्या जखमा भरेपर्यंत आठ दिवस पाणी घालू नये.