सत्तावीसचं बॅनर, अठ्ठावीसचं बॅनर

सोयाबीनचे भाव, रस्ते, ग्रामसभा या रोजच्या बातम्या आज बाजूला ठेवतो. जरा लांब लिहिलंय, पण ज्यांच्या घरी दहावी-बारावीचं लेकरू आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचावं.

आपल्या कॅलेंडरात दोन दिवस एकमेकांना खेटून आहेत. २७ फेब्रुवारी म्हणजे कुसुमाग्रजांची जयंती, मराठी भाषा गौरव दिन. २८ फेब्रुवारी म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिन. बातमीदार म्हणून मी दरवर्षी दोन्ही कार्यक्रमांना जातो. बहुतेक ठिकाणी हॉल तोच, खुर्च्या त्याच, हारफुलंवालाही तोच. रात्रीतून फक्त बॅनर बदलतं आणि पाहुणे बदलतात.

काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी असाच दोन्ही दिवस गेलो होतो. सत्तावीसला ग्रंथदिंडी निघाली. पुढे अकरावी सायन्सचा एक पोरगा मृदंग वाजवत होता. काय हात होता राव! बाजारातली माणसं थांबून ऐकत होती. अठ्ठावीसला त्याच हॉलमध्ये सर सी. व्ही. रामन यांच्यावर व्याख्यान झालं. समुद्र निळा का दिसतो, २८ फेब्रुवारी १९२८ ला कोणता शोध जाहीर झाला, १९३० चं नोबेल, सगळं सांगून झालं. तोच पोरगा मागच्या रांगेत खाली मान घालून वहीत उतरवून घेत होता. कार्यक्रम संपल्यावर मी त्याला म्हटलं, ‘काल मस्त वाजवलं बेटा.’ तो म्हणाला, ‘कालचं शेवटचंच होतं काका. बाबा म्हणले, बारावी होईलोक मृदंगाले हात नाही लावाचा.’

मी हसलो, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि निघून आलो. दुसऱ्या दिवशी दोन कार्यक्रमांच्या दोन वेगवेगळ्या बातम्या लावल्या.

खूप नंतर, वेगळंच काही वाचताना मला कळलं की ज्या रामन यांच्यावर ते व्याख्यान होतं, त्यांनी मृदंगावर आणि तबल्यावरही संशोधन केलं होतं. पोरगा आदल्या दिवशी जे वाजवत होता, त्यावरच! हे ना त्या पाहुण्याने सांगितलं, ना मास्तरांनी, ना मी. तेव्हापासून ही गोष्ट माझ्या मनात सलते आहे.

ती काय आहे ते सांगतो. रामन हे सुरुवातीला सरकारच्या वित्त खात्यात नोकरीला होते. त्या नोकरीत काही काळ ते आपल्या नागपुरातही होते. पुढे कलकत्त्याला गेल्यावर ऑफिसच्या वेळेआधी आणि नंतर तिथल्या विज्ञानसंस्थेत प्रयोग करायचे. वीणा, तंबोरा, व्हायोलिन, मृदंग, तबला ही वाद्यं त्यांच्या टेबलावर होती. १९२० साली त्यांनी शिवकाली कुमार या सहकाऱ्यासोबत भारतीय तालवाद्यांवरचा एक छोटा लेख इंग्लंडच्या ‘नेचर’ या विज्ञानपत्रात छापला. १९३४ मध्ये याच विषयावर मोठा शोधनिबंध लिहिला, म्हणजे नोबेल मिळाल्यानंतरही हा विषय त्यांनी सोडला नव्हता.

त्यात सांगितलेलं आपल्याला घरबसल्या समजण्यासारखं आहे. तंबोऱ्याची तार छेडली की एकच सूर निघत नाही, त्यासोबत वरचे सूरही निघतात. तार सेकंदाला १०० वेळा थरथरली तर सोबतचे सूर २००, ३००, ४०० असे सरळ पटीत येतात. म्हणून ते कानाला गोड लागतं. पण गोल कड्यावर ताणलेल्या साध्या चामड्याचं तसं नसतं. त्यात १०० सोबत साधारण १५९, २१४, २३० असे वेडेवाकडे आकडे येतात. म्हणून डफड्यावर ताल धरता येतो, पण तंबोऱ्यासारखा ‘सा’ त्यावर लागत नाही.

आता तबल्याच्या किंवा मृदंगाच्या पुडीवरचा काळा गोल आठवा. आपण त्याला शाई म्हणतो. लोहचूर आणि पिठाची खळ यांचे पातळ थर एकावर एक चढवायचे आणि प्रत्येक थर दगडाने घोटायचा, असं ते काम. त्या शाईच्या वजनाने चामड्याची थरथर बदलते आणि ते वेडेवाकडे आकडे जवळजवळ एक, दोन, तीन, चार, पाच अशा सरळ पटीत येऊन बसतात. म्हणजे चामडं तारेसारखं गाऊ लागतं. मृदंगाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात, तेही वजनाचंच गणित. ज्या कारागिरांनी हे साधलं त्यांच्याजवळ ना सूत्र होतं, ना प्रयोगशाळा. होता तो कान, हात आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. रामन यांनी आपल्या निबंधात त्या जुन्या जाणकारांना मोकळेपणाने श्रेय दिलं आहे.

म्हणजे सत्तावीसचं बॅनर आणि अठ्ठावीसचं बॅनर यांच्यामध्ये एक मृदंग उभा होता. आम्हीच तो पाहिला नाही.

हे काही एका कॉलेजपुरतं नाही. आपल्या राज्यात विद्यापीठांचे दोन मोठे महोत्सव होतात, दोन्ही राज्यपाल म्हणजे कुलपती यांच्या पुढाकारातून सुरू झालेले. २००३ पासून ‘इंद्रधनुष्य’. त्यात गाणं, नाच, नाटक, चित्र, रांगोळी. २००६ पासून ‘आविष्कार’. त्यात संशोधन, पोस्टर, मॉडेल. दोन्ही उत्तम आहेत. खेड्यापाड्यातल्या कितीतरी पोरापोरींना त्यांनी पहिल्यांदा मोठा मंच दिला. ‘आविष्कार’मध्ये भाषा आणि ललित कला यांचाही गट आहे, पण तो वेगळा, शुद्ध विज्ञानाचा वेगळा. एकाच प्रश्नावर चित्रकार पोरगी आणि फिजिक्सचा पोरगा मिळून उभे राहिलेत, असं सहसा होत नाही.

गंमत बघा, कलेच्या महोत्सवाला नाव काय दिलं? इंद्रधनुष्य! म्हणजे पावसाच्या थेंबात उजेड वाकतो, फुटतो, त्याचा खेळ. आणि त्यात सात रंग कोणी मोजले? न्यूटनने. १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात त्याने रंगांचं वर्तुळ काढलं, ते संगीतातल्या सात सुरांच्या अंतरांवर बेतून. रंगांना तशी सीमारेषा नसते, पण सूर सात म्हणून रंगही सात! एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाने उजेडाचा हिशोब करताना गाण्याचा आधार घेतला आणि आपण दहावीच्या निकालादिवशी विचारतो, ‘सायन्स का आर्ट्स?’

पूर्वी असं नव्हतं. लांब कशाला, आपलं वाशीम घ्या. जुनं नाव वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या घराण्याचा राजा सर्वसेन हा स्वतः प्राकृत कवी होता. पाचव्या शतकातला याच शाखेचा राजा हरिषेण, त्याचा मंत्री वराहदेव. या वराहदेवाने अजिंठ्याचं सोळा क्रमांकाचं लेणं कोरवून घेतलं. तिथे त्याचा शिलालेख आहे. म्हणजे जग ज्या अजिंठ्यासाठी विमानाने येतं, त्याचा एक धागा आपल्या वाशीमपर्यंत येतो. समृद्धीवरून सुसाट जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

अजिंठ्याला आपण कला म्हणतो. बरोबरच आहे. पण आधी कातळ वरून खाली कसा फोडायचा, हे कळावं लागलं. मग खडबडीत दगडावर चिखल, तूस आणि गवताचे तंतू घालून गिलावा धरवावा लागला. त्यावर चुन्याचा पातळ हात. मग रंग. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि थेट अफगाणिस्तानाकडून येणाऱ्या दगडाचा निळा. कोणता रंग किती वर्षं टिकेल, कशाने उडेल, याचा अंदाज असल्याशिवाय दीड हजार वर्षं चित्र टिकत नाही. त्या चित्रकाराला विचारलं असतं, ‘तुझी शाखा कोणती?’ तर त्याला प्रश्नच कळला नसता.

भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० च्या आसपासची. गणिताचा ग्रंथ, पण सगळा श्लोकांत. भुंगे, हंस, कमळं, हत्ती यांची उदाहरणं. चाळीसगावजवळच्या पाटण इथे त्यांच्या नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख आजही आहे.

आणि आम्हा पत्रकारांचे आद्य पुरुष बाळशास्त्री जांभेकर. ६ जानेवारी १८३२ ला त्यांनी ‘दर्पण’ सुरू केलं, म्हणून आम्ही त्या दिवशी पत्रकार दिन करतो, सत्कार घेतो, फोटो काढतो. पण बाळशास्त्री गणिताचे शिक्षक होते, कुलाब्याच्या वेधशाळेचं कामही त्यांनी पाहिलं, मराठीत कलनाच्या गणितावर पुस्तक लिहिलं आणि १८४५ मध्ये ज्ञानेश्वरी छापून काढली. ज्ञानेश्वरी आणि कलनगणित, दोन्ही एकाच माणसाच्या टेबलावर! चौतिसाव्या वर्षी गेला हा माणूस. त्याला वेगळ्या शाखेची गरज पडली नाही.

पुढे विद्यापीठं आली, पदव्या वेगळ्या झाल्या, नोकऱ्या वेगळ्या झाल्या. खोल ज्ञान मिळवायचं तर वाटणी करावीच लागते, हे मान्य. डॉक्टरने आधी डॉक्टरकीच शिकावी. माझी तक्रार त्या वाटणीबद्दल नाही. वाटणीचं कुंपण झालं, त्याबद्दल आहे. हुशार तो सायन्सला, उरलेला आर्ट्सला, ही जी आपल्या गावागावातली समजूत आहे ना, ती दोघांचंही नुकसान करते. सायन्सच्या पोराचा मृदंग जातो आणि आर्ट्सच्या पोरीला आयुष्यभर वाटत राहतं की आपण कमी आहोत.

ज्यांनी हे कुंपण मानलं नाही ते काही मागे पडले नाहीत. होमी भाभा स्वतः चित्रं काढायचे. १९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था काढली आणि अणुसंशोधनाच्या त्या इमारतीत त्या काळच्या तरुण चित्रकारांची चित्रं विकत घेऊन लावली. हुसेन यांचं सुमारे ४५ फूट लांबीचं भित्तिचित्र तिथे आहे. जयंत नारळीकर तर आपल्या ओळखीचे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, तीही नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून! परीक्षकांनी नाव बघून बक्षीस देऊ नये म्हणून. बक्षीस मिळालंच. २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २० मे २०२५ ला ते गेले, तेव्हा शास्त्रज्ञ आणि लेखक दोघेही हळहळले.

आणि आपलं विद्यापीठ कोणाच्या नावाचं? संत गाडगेबाबांच्या. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम या पाच जिल्ह्यांची पोरं ज्यांच्या नावाची डिग्री घेतात, तो माणूस दिवसा खराटा घेऊन गाव झाडायचा आणि रात्री कीर्तनातून प्रश्न विचारून लोकांना विचार करायला लावायचा. स्वच्छता हे शास्त्र, कीर्तन ही कला. बाबांनी ते दोन वेगवेगळ्या हॉलमध्ये ठेवलं नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही कला आणि विज्ञान यांच्यात कडक भिंत नको असं लिहिलेलं आहे. पण कागदावरचं धोरण शेलूबाजारपर्यंत आपोआप येत नाही. ते आपल्यालाच आणावं लागतं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. त्याला निधी लागत नाही, मंजुरी लागत नाही. येत्या फेब्रुवारीत आपल्या भागातल्या एखाद्या शाळेने किंवा कॉलेजने दोन दिवसांचा एकच कार्यक्रम करावा. सत्तावीसला दिंडीत वाजलेला मृदंग अठ्ठावीसला टेबलावर ठेवावा. मोबाईलवर आवाजाचा आलेख दाखवणारी ॲप फुकट मिळतात. आधी डफडं वाजवावं, मग मृदंग आणि पोरांना आलेखातला फरक डोळ्यांनी बघू द्यावा. मृदंगाला पुडी चढवणारा, शाई भरणारा कारागीर बोलवावा आणि त्याला मंचावर फिजिक्सच्या सरांच्या शेजारची खुर्ची द्यावी. पुढे युवा महोत्सवात विद्यापीठानेही असा एखादा प्रकार ठेवला, तर त्याहून चांगलं.

तो पोरगा आता पुण्याला नोकरी करतो. परवा गावी आला होता. मृदंगाचं विचारलं तर म्हणाला, ‘घरी खुंटीले टांगला हाय काका, पुडी फाटली.’ मी त्याला रामन यांची गोष्ट सांगितली. ऐकून थोडा वेळ गप्प बसला. मग एवढंच म्हणाला, ‘हे तवाच कोणी सांगतलं असतं तं...’

पुढचं वाक्य त्याने पूर्ण केलं नाही. मलाही काही बोलता आलं नाही.

मंडळी, आपल्या पंचक्रोशीत मृदंग-तबल्याला शाई भरणारा कारागीर अजून कुठे आहे का? असेल तर मला जरूर कळवा. फेब्रुवारीच्या आधी मला त्याला भेटायचं आहे. आणि जमलं तर ती फाटलेली पुडीही दुरुस्त करून घ्यायची आहे.