पाण्याचा पहारा आणि पाण्याचा मक्ता

मी इतिहासाचा पदवीधर नाही. सातवीनंतर शाळा सुटली आणि पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत व सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा व्हेनिससारख्या दूरच्या शहराचा इतिहास सांगण्याचा अधिकार मला कोणी दिला, असा प्रश्न श्रोत्यांपैकी कोणाच्या मनात आला, तर तो रास्तच होय. त्याचे उत्तर एका जुन्या हकीकतीत आहे.

मी ज्या नगरपालिकेच्या कामगारांत काम करीत असे, त्या गावी नाल्याच्या तोंडाशी एक लोखंडी झडप होती. नदी चढली की ती पाडायची आणि उतरली की उचलायची. हे काम एकच माणूस वर्षानुवर्षे करी. तो निवृत्त झाला. त्याची जागा भरली गेली नाही आणि झडपेची निगा मक्त्याने देण्यात आली. तिसऱ्या पावसाळ्यात नदीचे पाणी नाल्यातून उलटे गावात शिरले व वाचनालयाच्या तळमजल्यावरील जुन्या दप्तरांचा लगदा झाला. चौकशीत मक्तेदाराने शांतपणे कागद पुढे केला. झडपेला रंग देण्याचे काम करारात होते. ती पाडण्याचे नव्हते. तेव्हापासून, पाण्यापासून गाव राखण्याचे काम इतर देशांतील माणसे कसे करीत आली, हे मी मिळेल त्या पुस्तकातून वाचीत आलो. आणि वाचता वाचता व्हेनिसपाशी थांबलो.

व्हेनिस हे इटलीच्या ईशान्य किनाऱ्यावरील शहर एका उथळ खाऱ्या सरोवरात उभे आहे. आपल्या देशातील चिल्का सरोवराच्या जातीचेच हे सरोवर. क्षेत्रफळ सुमारे साडेपाचशे चौरस किलोमीटर. वाळूच्या अरुंद पट्ट्यांनी ते समुद्रापासून वेगळे केले आहे आणि लिडो, मलामोक्को व किओज्जा या तीन मुखांतून भरतीचे पाणी आत-बाहेर करते. सरोवरातील लहानलहान बेटांवर, चिखलात लाकडी खुंट ठोकून त्यांवर दगडी घरे बांधलेली. शहराला तट नव्हता. सरोवर हाच त्याचा तट. त्यामुळे तेथील राज्यकर्त्यांना एक गोष्ट लवकर उमगली की हे पाणी ही खाजगी मालमत्ता नव्हे, ती राज्याची मालमत्ता आहे; आणि ती राखण्यासाठी कायमचे खाते पाहिजे.

असे खाते १५०१ साली स्थापन झाले. पाण्यावर देखरेख करणारे हे न्यायासन म्हणा किंवा कचेरी म्हणा, कालवे उपसणे, बांध राखणे आणि अतिक्रमण करणाऱ्यास शासन करणे ही तिची कामे. सोळाव्या शतकात या कचेरीपुढे एक मोठा वाद आला. आल्विझे कोर्नारो हा जमीनदार म्हणे, सरोवराच्या कडा भरून काढा, शेते करा, धान्य पिकवा. क्रिस्तोफोरो साब्बादिनो हा कचेरीचा जलशिल्पी म्हणे, भरतीला पसरायला जागा ठेवली नाही तर सरोवर मरेल आणि सरोवराबरोबर शहरही मरेल. जमीनदाराचे वजन मोठे होते, परंतु एकंदरीत राज्याचा कौल पाण्याच्या बाजूने पडला. नद्यांच्या गाळाने सरोवर भरू नये म्हणून ब्रेंता, आणि पुढे सतराव्या शतकात पियावे व सिले, या नद्यांची पात्रे वळवून त्या सरोवराबाहेर समुद्राला नेऊन सोडल्या. सार्वजनिक पाण्यास जो इजा करील तो देशाचा शत्रू समजला जाईल, अशा अर्थाचा लेख संगमरवरात कोरून ठेवण्यात आला. दगडावर कोरलेले सगळेच पाळले जाते असे नाही; परंतु पाण्याचा गुन्हा हा देशद्रोहाच्या पंक्तीला बसविणारे राज्य मला तरी दुसरे आढळले नाही.

त्या राज्याचे शेवटचे मोठे काम म्हणजे 'मुराझ्झी' ही दगडी भिंत. वाळूच्या पट्ट्यांवर समुद्राच्या बाजूने इस्त्रियाच्या पांढऱ्या दगडात ती बांधली. १७४४ साली काम सुरू झाले, १७८२ साली संपले. १७९७ साली नेपोलियनपुढे प्रजासत्ताक कोसळले. म्हणजे राज्य संपायला अवघी पंधरा वर्षे उरली होती, तिजोरी ओसरत होती, तरीही भिंतीचे काम सोडले नव्हते.

आता हे काम कोणाच्या हातांनी होत असे, इकडे वळू. शहराच्या पूर्व बाजूस अर्सेनाले नावाचा सरकारी जहाजकारखाना होता. त्याची स्थापना परंपरेने ११०४ ची मानतात. भरभराटीच्या काळात दोन-तीन हजार सुतार, लोहार व दोर वळणारे तेथे राबत. शिडे शिवण्याचे काम बायका करीत. कारागिराच्या मुलाला कामावर घेण्यात अग्रहक्क असे, कामावर सरकारी दारू मिळे आणि म्हाताऱ्या कारागिराचे नाव सहसा पटावरून काढीत नसत. मी हे रामराज्य म्हणून सांगत नाही. रोजमुरा थोडा होता आणि राज्य मूठभर सरदार घराण्यांच्या हाती होते. परंतु हेच कामगार शहराचे आगीचे बंब होते. १५७७ साली राजवाड्याला आग लागली तेव्हा तेच धावले. राज्यप्रमुख, म्हणजे डोज, वारला की नवा निवडला जाईपर्यंत राजवाड्याचा पहारा याच कामगारांवर असे. ज्याचे हात शहराची वस्तू घडवितात त्याच्याच हाती तिची राखण, असा तो हिशेब होता.

परकी अंमल गेला, १८६६ साली व्हेनिस इटलीत आले. नव्या राज्याजवळ अभियंते होते, कागद होते. पण जुनी सवय तुटली होती. १९०२ सालची गोष्ट पाहा. सान मार्को चौकातील उंच घंटामनोरा शहराची खूण मानला जाई. लुइजी व्हेंद्रास्को नावाच्या मिस्त्रीने त्याच्या भिंतीची अवस्था पाहून वरिष्ठांना पूर्वीच इशारा दिला होता. मिस्त्रीचे कोण ऐकतो! जुलैमध्ये भिंतीला तडा गेला, तो वाढत गेला, आणि १४ तारखेच्या सकाळी मनोरा जागच्या जागी बसला. सुदैवाने माणूस दगावला नाही. होता तसा, होता तेथेच मनोरा पुन्हा बांधून १९१२ साली त्याचे उद्घाटन झाले. समारंभ मोठा झाला. १९०७ साली पाण्याची जुनी कचेरीही कायद्याने पुन्हा जिवंत करण्यात आली.

पण तोवर दुसरे संकट उभे राहत होते. १९१७ पासून समोरच्या किनाऱ्यावर मार्घेरा हे कारखान्यांचे बंदर वाढले. कारखान्यांनी जमिनीखालचे पाणी बेसुमार उपसले. उपशाने जमीन खचली, समुद्र वर चढला, आणि विसाव्या शतकात शहर पाण्याच्या मानाने सुमारे तेवीस सेंटिमीटर खाली गेले. निम्मा वाटा जमिनीचा, निम्मा समुद्राचा. शिवाय तेलाची मोठी जहाजे यावीत म्हणून १९६० नंतरच्या दशकात सरोवरातून खोल कालवा खणला गेला. कामगार चळवळीतला माणूस म्हणून येथे मला एक कबुली दिली पाहिजे. कारखाने आले तेव्हा आमच्यासारख्यांनी त्यांचे स्वागतच केले असते. तेथे हजारोंना भाकरी मिळाली. परंतु भाकरीबरोबर काय उपसले जात आहे हे विचारणारी कचेरी जागी असायला हवी होती, ती नव्हती.

४ नोव्हेंबर १९६६. आग्नेयेकडील वाऱ्याने एड्रियाटिक समुद्राचे पाणी उत्तरेस लोटले आणि ओहोटीची वेळ टळली तरी पाणी उतरेना. १८९७ साली ठरविलेल्या शून्यरेषेपासून ते १९४ सेंटिमीटरपर्यंत चढले. पेलेस्त्रीना येथे मुराझ्झीची भिंत ठिकठिकाणी फुटली. घरोघरच्या जळाऊ तेलाच्या टाक्या फुटून पुराच्या पाण्यावर काळा तवंग आला आणि तो जुन्या भिंतींना चिकटून राहिला. तळमजल्यावर राहणारे गोरगरीब शहर सोडू लागले. १९५१ साली बेटांवरील या जुन्या शहरात पावणेदोन लाखांच्या आसपास वस्ती होती; आज ती पन्नास हजारांच्या आत आली आहे. सगळे पुरामुळे गेले असे नाही. घरभाडे आणि प्रवाशांची गर्दी यांनीही हाकलले. तरी सुरुवात पाण्याने करून दिली.

१९७३ साली सरकारने खास कायदा करून व्हेनिसचे रक्षण हे राष्ट्रीय काम ठरविले. १९८४ च्या दुसऱ्या कायद्याने मात्र गाडी वेगळ्या रुळावर गेली. अभ्यास, आराखडा आणि बांधकाम ही तिन्ही कामे बांधकाम कंपन्यांच्या एकाच संघाला, इतर कोणाकडून निविदा न मागविता, देण्याची वाट मोकळी झाली. योजना अशी: तिन्ही मुखांच्या तळाशी पोलादी पोकळ झडपा बसवायच्या, एकूण ७८, एरवी त्या पाणी भरून तळाशी पडून राहतील, मोठी भरती आली की आत हवा सोडायची आणि त्या वर उठून समुद्र अडवतील. २००३ साली काम सुरू झाले. खर्च साडेपाच अब्ज युरोंच्या वर गेला. देखरेख पाण्याच्या त्या जुन्या कचेरीकडे होती. जून २०१४ मध्ये लाचलुचपतीच्या प्रकरणात पस्तीस जणांना अटक झाली. त्यांत या कचेरीचे माजी अध्यक्षही होते. पुढे अनेकांनी न्यायालयाशी तडजोड करून शिक्षा पत्करली, काही आरोप मुदतीबाहेर गेले. त्याच वर्षी सरकारने कचेरीच बरखास्त केली. पहारेकरी फितूर झाला म्हणून पहारेकऱ्याची जागाच रद्द करावी, तसा हा न्याय!

१२ नोव्हेंबर २०१९ च्या रात्री पाणी १८७ सेंटिमीटर चढले. झडपा जवळजवळ तयार होत्या, पण चालू नव्हत्या. पेलेस्त्रीना येथे घरातले पाणी उपसताना विजेचा धक्का बसून एक वृद्ध गृहस्थ मरण पावले. ३ ऑक्टोबर २०२० रोजी पहिल्याने भरती आली असता झडपा उचलल्या आणि शहर कोरडे राहिले. हे यश मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. २२ नोव्हेंबर २०२२ रोजी बाहेर समुद्र १७० च्या वर गेला होता, आत शहर सुखरूप होते. पण मधली एक तारीखही ध्यानात ठेवावी. ८ डिसेंबर २०२० रोजी अंदाज कमी पाण्याचा होता म्हणून झडपा उचलल्या नाहीत. पाणी १३८ वर गेले आणि चौक बुडाला. सान मार्कोचे चर्च तर इतक्या सखल जागी आहे की थोड्या भरतीनेही ते भिजत असे. त्याच्याभोवती २०२२ साली काचेची भिंत उभी करावी लागली. यंत्र कितीही थोर असो, अंदाज बांधणारा, कळ दाबणारा आणि गंज खरवडणारा माणूस लागतोच.

खाऱ्या पाण्यातल्या पोलादाला गंज चढतो, शिंपले चिकटतात. झडपा पाळीपाळीने काढून दुरुस्त कराव्या लागतात. झडपांचा कारभार कोठून चालतो? अर्सेनालेतून! तेथील जहाजबांधणी विसाव्या शतकात थांबली. काही भाग आरमाराकडे राहिला, काहीत कलाप्रदर्शने भरू लागली. २०१२-१३ साली बराचसा भाग शहराच्या नगरपालिकेला देण्यात आला. आरमाराला व झडपांच्या कामाला लागणारा भाग मात्र वगळला. झडपांचे नियंत्रण त्याच आवारातून होते. म्हणजे शहर राखणारा कारखाना आठ-नऊशे वर्षांनी पुन्हा त्याच कामाला लागला आहे. सरोवरासाठी नवे प्राधिकरण नेमण्याचा कायदाही २०२० साली झाला.

या नव्या प्राधिकरणाकडून कायमचा, पटावरचा, काम जाणणारा कामगारवर्ग उभा राहतो की पुन्हा मक्त्यावर मक्ता दिला जातो, यावर पुढची शंभर वर्षे अवलंबून आहेत. बांधणे एकदा होते. त्याला कोनशिला असते, पाहुणे असतात. निगा रोज करावी लागते आणि तिला पाहुणे येत नाहीत. जुन्या वास्तूंचेही तेच. जीर्णोद्धाराला पैसा मिळतो, छपराचे कौल वेळेवर बदलायला मिळत नाही.

आमच्या गावच्या त्या झडपेवर युनियनने दोन वर्षे भांडून पुन्हा एक कायम जागा मिळविली. भिजलेली दप्तरे परत आली नाहीत. पुढच्या पावसाळ्यात नदी चढली तेव्हा नव्या माणसाने रात्री दोन वाजता जाऊन झडप पाडली. सकाळी गाव नेहमीसारखे उठले, आणि रात्री काही घडले होते हे कोणाला कळलेही नाही.