फुकटची ऊब

जानेवारी २०२४ मध्ये शिकागोत पारा उणे २० च्या आसपास उतरला होता, तेव्हाची गोष्ट. चार्जिंग स्टेशनांवर इलेक्ट्रिक गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या, काही गाड्या तर टो करून न्याव्या लागल्या. त्याच आठवड्यात तिथल्या एका उपनगरात राहणाऱ्या कॉलेजातल्या मित्राचा फोन आला. पठ्ठ्या गाडीतच होता. हातात मोजे, डोक्यावर टोपी, पायांवर ब्लँकेट आणि हीटर बंद! म्हणाला, "हीटर लावला तर घरी पोचत नाही, नाही लावला तर पोचेपर्यंत माझी कुल्फी होते. सांग, काय करू?" मागच्या सीटवर त्याची पाच वर्षांची मुलगी होती. त्यामुळे अर्थातच त्याने हीटर लावला आणि घराच्या अलीकडे एका चार्जिंगच्या रांगेत दोन तास काढले.

मी इथे पुण्यात अर्ध्या बाह्यांच्या स्वेटरमध्ये बसून "थंडीत बॅटरी मरते रे, दुसरं काय" असं ज्ञान देऊन मोकळा झालो. नंतर दोन-तीन वीकेंड जरा खोदकाम केलं, तेव्हा कळलं की माझं उत्तर अर्धवट होतं. आणि ही गोष्ट चांगली सव्वाशे वर्षं जुनी आहे.

तर १९०० साली अमेरिकेतल्या मोटारींपैकी साधारण एक तृतीयांश विजेवर चालायच्या. बाकीच्या वाफेवर आणि पेट्रोलवर. त्या काळी थंडी ही इलेक्ट्रिक गाडीची जमेची बाजू होती, हे वाचून मी उडालोच. पेट्रोलची गाडी सुरू करायला पुढे उभं राहून लोखंडी हँडल फिरवायला लागायचं. थंडीत ऑइल घट्ट झालं की ते हँडल माणसाचा घाम काढायचं, आणि उलट फिरलं तर मनगट मोडायचं. इलेक्ट्रिक गाडीत आपलं बसायचं आणि निघायचं. खुद्द हेन्री फोर्डची पत्नी क्लारा १९१४ सालची डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवायची, यात सगळं आलं.

रेंज तेव्हाही थंडीत कमी व्हायचीच. डेट्रॉइट इलेक्ट्रिकची जाहिरातीतली रेंज होती ८० मैल. जादा पैसे मोजून एडिसनची निकेल-लोखंडाची बॅटरी घेता यायची. ही बॅटरी टिकायला दणकट, पण थंडीत अगदीच ढेपाळायची. तरी फार बोंबाबोंब झाली नाही, कारण गाडीने आपल्याला ऊबही द्यावी अशी कोणाची अपेक्षाच नव्हती. लोक मांडीवर जाड पांघरूण घेऊन बसायचे. म्हणजे माझा मित्र २०२४ साली जे करत होता, तेच!

मग १९१२ सालच्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा सेल्फ स्टार्टर आला. हँडल गेलं, आणि इलेक्ट्रिक गाडीचा सर्वांत मोठा फायदाही गेला. गंमत म्हणजे हा स्टार्टर चालायचा बॅटरी आणि इलेक्ट्रिक मोटरवरच. घरचा भेदी लंका दाळी, दुसरं काय.

पण गोष्टीतला खरा ट्विस्ट याच्या पुढचा आहे, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. पेट्रोलच्या इंजिनात जाळलेल्या इंधनातला ढोबळमानाने दोन तृतीयांशाहून जास्त भाग उष्णता होऊन वाया जातो. आधी सायलेन्सरच्या गरम पाइपावरून हवा फिरवून आणि पुढे रेडिएटरचं गरम पाणी आत खेळवून लोकांनी ही वाया जाणारी उष्णता केबिनमध्ये आणली. १९३८ च्या सुमाराला नॅश कंपनीने बाहेरची ताजी हवा गाळून, गरम करून आत सोडणारी यंत्रणा आणली आणि हीटर हळूहळू गृहीतच धरला जाऊ लागला. म्हणजे इंजिनाचा ढिसाळपणा आपल्याला ऊब म्हणून मिळत होता, आणि तोही फुकट. दोन-तीन पिढ्या या फुकटच्या उबेत वाढल्या.

इलेक्ट्रिक मोटर ९० टक्क्यांच्या आसपास कार्यक्षम. वाया काही जातच नाही, तर ऊब कुठून आणणार? मग ती बॅटरीतूनच विकत घ्यायची. काटकसरी माणसाच्या घरी अचानक पाहुणे यावेत आणि फ्रीजमध्ये उरलंसुरलं काहीच नसावं, तशातली गत.

१९९० च्या दशकात जनरल मोटर्सने यावर दोन उत्तरं शोधली. ईव्ही१ ही गाडी १९९६ मध्ये आली ती कॅलिफोर्निया आणि ॲरिझोनात, म्हणजे मुळात उबदार मुलखात, आणि तिच्यात हीट पंप होता. दुसरी होती शेवरोलेची एस-१० इलेक्ट्रिक पिकअप. तिच्यात पारा साधारण ४ अंशांखाली गेला की चक्क डिझेलवर चालणारा हीटर सुरू व्हायचा. २०१० च्या सुमारास व्हॉल्व्होने सी-३० च्या इलेक्ट्रिक आवृत्तीत केबिन गरम करायला इथेनॉलची टाकी दिली. चाकं विजेवर, शेगडी दारूवर :) हसायला येतं खरं, पण त्या इंजिनिअरांना प्रश्न नेमका कळला होता. गाडी चालवणं आणि माणसाला उबेत ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत.

याला आकड्यांचा पुरावा मिळाला २०१९ मध्ये. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संस्थेने काही इलेक्ट्रिक गाड्या उणे ७ अंशांत तपासल्या. हीटर बंद असताना रेंज सरासरी १२ टक्क्यांनी घटली. हीटर लावल्यावर ४१ टक्क्यांनी. म्हणजे मोठा वाटा बॅटरीच्या 'मरण्याचा' नव्हताच, उबेचा होता. (पेट्रोलच्या गाडीचं ॲव्हरेजही या तापमानात शहरात १५ टक्क्यांच्या आसपास पडतं बरं का. फक्त टाकी पाच मिनिटांत भरते म्हणून कोणी लक्ष देत नाही.)

सवयीप्रमाणे मी कागदावर हिशेब मांडला. गाडीला किलोमीटरला १५० वॉट-अवर लागतात आणि हीटरला ३ किलोवॉट, असं धरा. ताशी ९० ने गेलात तर मोटर साडेतेरा किलोवॉट घेते, हीटरमुळे खर्च २२ टक्के वाढतो. पण ट्रॅफिकमध्ये ताशी ३० ने रांगलात, तर मोटर साडेचारच घेते आणि खर्च ६७ टक्क्यांनी वाढतो! मोटरचं बिल किलोमीटरवर, हीटरचं बिल तासावर. बर्फात मुंगीच्या पावलाने सरकणाऱ्या माझ्या मित्राला हे दुसरं बिल आलं होतं.

अर्थात बॅटरी अगदीच निर्दोष नाही. थंडीत लिथियम-आयन बॅटरीच्या आतलं द्रावण दाटतं, अंतर्गत रोध वाढतो. त्यातून शून्याखाली जोरात चार्ज केली तर लिथियम आत शिरण्याऐवजी इलेक्ट्रोडवर धातू होऊन साचतं, आणि ते नुकसान कायमचं. म्हणून गाडीतलं सॉफ्टवेअर मुद्दाम चार्जिंग मंद करतं. गार पडलेल्या बॅटऱ्या घेऊन लोक रांगेत आले, प्रत्येकाला वेळ जास्त लागला आणि रांग वाढत गेली. आपल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर डाउन नव्हता, प्रत्येक रिक्वेस्ट स्लो झाली होती.

मग नॉर्वेचं काय? तिथे २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी ८८.९ टक्के इलेक्ट्रिक होत्या, आणि हिवाळा काही शिकागोपेक्षा प्रेमळ नसतो. तिथे बहुतेक लोक रात्री घरीच चार्ज करतात आणि निघण्याआधी प्लग लावलेला असतानाच गाडी गरम करून घेतात. म्हणजे सुरुवातीची ऊब ग्रिडची, बॅटरीची नाही. शिवाय हीट पंप आता बऱ्याच गाड्यांत असतो. तो एक युनिट विजेत दोन-तीन युनिट उष्णता आत आणतो, फक्त फार कडक थंडीत त्याचाही दम कमी होतो.

आपल्याकडे हा प्रश्न एवढा छळत नाही. पुण्यात मे महिन्यात ४० चे २४ करायचे म्हणजे १६ अंशांचं काम. शिकागोत उणे २० चे २० करायचे म्हणजे ४० अंशांचं.

असो. मित्राला हे सगळं ऐकवलं, तर म्हणाला, "लेका, हे तेव्हा फोनवर सांगायचं होतंस." खरंय. आता तो निघण्याआधी गॅरेजमध्येच गाडी गरम करतो, चार्जरला पोचायच्या आधी बॅटरी गरम करून घेतो आणि सीटचा हीटर लावतो, कारण तो केबिनच्या हीटरपेक्षा फार कमी वीज खातो. मुलीसाठी मागच्या सीटवर ब्लँकेट मात्र कायम असतं. डेट्रॉइट इलेक्ट्रिकमध्ये असायचं, तसंच.