वावर, प्लॉट आणि पगार

मंडळी, अकोल्याच्या लोकसंख्येचे आकडे एकदा ओळीनं मांडून पाहा. १९९१ साली ३,२८,०३४. २००१ साली ४,००,५२०. २०११ साली ४,२५,८१७. म्हणजे आधीच्या दहा वर्षांत शहर शेकडा बावीसनं वाढलं, आणि नंतरच्या दहा वर्षांत जेमतेम सहानं! परगावचा माणूस म्हणेल, अकोला थांबलं. पण नेमक्या त्याच काळात आम्ही चारही बाजूंना विटा, रेती नि गिट्टीचे ढीग बघत होतो. मग माणसं गेली कुठं?

गेली हद्दीच्या पलीकडं. उमरी, मलकापूर (बुलढाण्याचं नव्हे, आपलं अकोल्याला लागून असलेलं), खरप, गुडधी... इथं राहायला. २००१च्या जनगणनेतच उमरी आणि मलकापूर 'जनगणना शहर' ठरली होती. म्हणजे वस्ती पाच हजारांच्या वर, दाट, आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान पाऊण हिस्सा शेतीबाहेर. कारभार मात्र ग्रामपंचायतीचा! २०१६ साली ही गावं महापालिकेत आली, तेव्हा कुठं अकोला कागदावर पाच लाखांच्या पुढं गेलं.

आमच्याकडं म्हणतात, 'ले-आऊट पडला.' काल जिथं तूर-कपाशी होती तिथं चुन्याच्या रेघा. घेणारे कोण? झेडपीचे मास्तर, एसटीचे कंडक्टर, १९६९ साली आलेल्या कृषी विद्यापीठातले बाबू. शिवाय तेल्हारा, पातूर, बार्शीटाकळीकडून पोरांच्या शाळेसाठी आलेले शेतकरी. ज्यांना अकृषक प्लॉट परवडला नाही त्यांनी गुंठेवारीत घेतला. असले प्लॉट नियमात बसवायला २००१ साली वेगळा कायदा करावा लागला.

आता दोन रकमा शेजारी ठेवतो. पाचव्या वेतन आयोगात, म्हणजे १९९६ पासून, केंद्राचा सगळ्यात कमी मूळ पगार होता २,५५० रुपये. सातव्या आयोगात, २०१६ पासून, तो झाला १८,०००. सातपट. यात मधला महागाई भत्ता मिसळलेला आहे, हे खरं. पण महागाई कपाशीवाल्यालाही होतीच ना? लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव १९९६-९७ला क्विंटलमागं १,३८० होता, २०१६-१७ला ४,१६०. तिप्पट!

आमच्या वस्त्यांचा इतिहास मला या दोन ओळींत दिसतो. वावर विकणाऱ्याला पैसा एकदाच मिळाला. पोरीचं लग्न, कर्ज, एखादी गाडी, की संपला. त्याच वावरातल्या प्लॉटवर राहणाऱ्याला दर महिन्याला पगार, दर सहा महिन्यांनी भत्त्याची आशा, दर दहा वर्षांनी आयोग. एकाच रस्त्यावरची ही दोन घरं दरवर्षी एकमेकांपासून लांब जात राहिली, आणि यात कोणी कोणाला लुबाडलं असंही नाही.

पण पगारवाल्यांनीही फार ऐटीत राहू नये. राज्यात २००० साली शिक्षणसेवक योजना आली. प्राथमिकच्या नव्या मास्तरला तीन वर्षं महिना ३,००० रुपये. मग १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांची जुनी पेन्शन बंद. ज्या शिडीवरून बाप चढला ती पोरांसाठी उरलीच नाही. पोरं पुण्याला, बंगलोरला गेली. आता कित्येक घरांत वर दोघं म्हातारे आणि खाली क्लासेससाठी आलेली भाड्याची पोरं. घर चालतं पेन्शनवर नि भाड्यावर.

२०२१ची जनगणना झालीच नाही, त्यामुळं हे सगळं अजून कुठल्या तक्त्यात नाही. आपणच लिहून ठेवलेलं बरं. तेव्हा नातेवाईक मंडळी, अमरावतीवालेसुद्धा, जरा आठवून सांगा. तुमच्या ले-आऊटात पहिलं घर कोणाचं झालं, त्याआधी ते वावर कोणाचं होतं, आणि त्याची पोरं आज काय करतात?